एकदा पळालेला कैदी



आमच्या घोडपदेवपासून भायखळ्याचा तुरुंग काही फार लांब नाही. मुलाकातीला आलेल्या बायाबापड्या कापडी पिशव्या घेऊन त्याच्या दाराशी ताटकळत असतात. भिंतीकडे कोणी पाहत नाही, सगळ्यांचे डोळे दाराकडे. सिनेमातल्या तुरुंगाचं उलटं असतं. तिथं दाराशी कुणाला देणंघेणं नाही, सगळा मामला भिंतीशी.

'एस्केप फ्रॉम अल्काट्राझ' आठवा, १९७९चा. क्लिंट ईस्टवुड रात्री जागून कोठडीतल्या झरोक्याभोवतीची भिंत कोरतो. पहारेकऱ्याला फसवायला अंथरुणात कागदाच्या लगद्याची मुंडकी, वर खरे केस. १९६२ साली तिघांनी खरोखर हेच केलं होतं. लगदा काय चीज आहे, हे लालबाग-परळच्या मूर्तिकारांना मी सांगायला नको. तो आपल्या वेळेनं सुकतो. घाई केलीत की गेला.

असले जुने सिनेमे आता नव्यानं काढावेत का, असा आजचा विषय. 'पॅपिलॉन'चं तसं झालंच. १९७३च्या सिनेमात स्टीव्ह मॅकक्वीन एकांतकोठडीत आमटीत किडे कुस्करून खातो, आणि आपल्याला ती वर्षं अंगावर आल्यासारखी वाटतात. २०१७ची नवी आवृत्ती देखणी आहे, पण त्या कोठडीत माझा जीव काही गुदमरला नाही. दिवस नुसते पुढं सरकले.

तरीही पुनर्निर्मिती म्हणजे पाप, असं मी म्हणणार नाही. इथं शेजारीच, परळच्या राजकमल स्टुडिओच्या शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' केला. कथा गदिमांची, मूळ प्रेरणा औंध संस्थानातल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाची. सहा खुनी कैदी, आणि भिंतच नाही! पळायला रान मोकळं असताना माणूस थांबतो कशानं, हा तिथला पेच. पुढं एमजीआर यांनी हा सिनेमा तमिळमध्ये केलाच, १९७५ साली. दुसऱ्या मातीत गोष्ट रुजत असेल तर जरूर रुजवावी. त्याच मातीत तीच भिंत पुन्हा बांधायची, तर ती कशासाठी?

शेवट ठाऊक असल्यानं मजा जाते, हेही खरं नाही. रॉबेर ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकानं १९५६ साली सिनेमाचं नावच ठेवलं, 'एक कैदी निसटला'. झाला की शेवट सांगून! तरी तो कैदी चमच्यानं दाराच्या फळ्या सुट्या करू लागला की आपला श्वास अडकतो. नाझींच्या ताब्यातल्या ल्यों शहरातल्या तुरुंगातून आंद्रे देविन्यी १९४३ साली खरोखर निसटला होता, त्याची ही गोष्ट.

आणि १९४३ म्हटलं की मला सांगली आठवते. त्याच वर्षी, २४ जुलैला, स्वातंत्र्यसैनिक वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. तेही दिवसाढवळ्या. चमचा नाही, भुयार नाही. तटावरून खंदकात उड्या, मागून गोळ्या, पुढं जुलैतली कृष्णा. दोन साथीदार गेले. दादांच्या खांद्यात गोळी लागली आणि ते पकडले गेले. ब्रेसाँला तेरा वर्षांत आपला कैदी सापडला. आपल्याकडं मात्र सांगलीच्या या पलायनावरचा मोठा सिनेमा माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही. उद्या कोणी करायला घेतलाच, तर माझी एक विनंती आहे. पळापळ पाच मिनिटांत उरकली तरी चालेल. आदल्या रात्री त्या कोठडीत कोण जागं होतं, कोण घोरत होतं, कोणाला घरची आठवण आली, तिथं मात्र कॅमेरा हलवू नका.