चौरस फुटाचा भाव आणि पुराची रेघ



आपल्याकडे एखादं बांधकाम कसं चाललंय असं विचारलं की उत्तर पैशात मिळतं. निधी किती आला, मार्चएंडपर्यंत किती खर्ची पडला. खर्च झाला की काम झालं, असं धरून चालण्याची सवय आपल्याला लागली आहे. मग कुणी विचारतो, बांधकामात सातारा पुढे की सांगली? हा प्रश्न मला नेहमी गमतीचा वाटतो. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. जुलैमध्ये महाबळेश्वरचा गवंडी आभाळाकडे बघत बसतो, तेव्हा माणमधल्या दहिवडीचा गवंडी भिंत चढवत असतो. या दोघांना एकाच पट्टीनं मोजलं तर ते पावसाचं मोजमाप झालं.

जमिनीचंही तेच. पाटणच्या डोंगरात थोडं खणलं की कातळ लागतो. मिरज-पलूसच्या काळ्या रानात माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, पाया खोल न्यावा लागतो. त्यातून ऊस आहेच. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या कारखान्याच्या रस्त्याला लागतात आणि मुरूम, खडी, विटा आणायला वाहन मिळता मिळत नाही. हे कुठल्याही दरसूचीत येत नाही, पण इथल्या प्रत्येक ठेकेदाराला पाठ असतं.

चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी १९७८ मध्ये मांडलेली ‘डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस’ ही पद्धत इथे उपयोगी आहे. तिच्यात तुलना सरासरीशी होत नाही. तेवढ्याच सिमेंट, सळई, मजुरी आणि यंत्रांत जो सर्वांत जास्त काम काढतो, त्याच्याशी होते. पाऊस, माती अशा हाताबाहेरच्या गोष्टी वेगळ्या काढून सारख्याला सारखं लावता येतं. जत आटपाडीशी तोललं जाईल, महाबळेश्वरशी नाही.

पण गणित कितीही चोख असलं तरी ‘काम’ म्हणून काय मोजायचं हे आपणच ठरवतो. सांगलीत चौरस फुटाचा भाव काढा. नदीकाठच्या सखल भागात जोतं कमी ठेवून, भर न घालता उभं केलेलं घर सगळ्यांत स्वस्त, म्हणजे कागदावर सगळ्यांत कार्यक्षम ठरेल. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. फुगलेली दारं, पोपडे धरलेला गिलावा, नव्यानं ओढलेली वायर, हा खर्च त्या चौरस फुटात कुणी धरला होता? अजूनही कुणी धरत नाही.

कोयनेचं धरणही वेगळ्या तऱ्हेनं हेच सांगतं. ते दगड आणि काँक्रीटच्या मिश्रणातून बांधलं गेलं. मोठे दगड घालून सिमेंट वाचवलं. दगड मुबलक आणि सिमेंट महाग, तेव्हा तो हिशेब शहाणपणाचाच होता. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरण उभं राहिलं, मात्र मागचा उतार जिथे बदलतो तिथल्या उंच भागात भेगा पडल्या आणि पुढे आधारभिंती देऊन ते बळकट करावं लागलं. तो खर्चही धरणाचाच. त्यामुळे काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याबरोबर आपली मोजणी संपता कामा नये.

आता सुधारणा कुठून करायची? मला वाटतं, थांबलेल्या वेळापासून. स्लॅबच्या दिवशी साइटवर नीट बघा. मिक्सर फिरतोय, सेंट्रिंग तयार आहे, बायका घमेली घेऊन रांगेत उभ्या आहेत आणि खडीचा डंपर गावाबाहेर अडकलाय. मुकादम फोनवर ओरडतोय. कुणी आळशी नाही, तरी सगळे थांबले आहेत. ठरावीक वेळानं फेरी मारून कोण काम करतंय, कोण साहित्याची वाट बघतंय, कोण सूचनेची, एवढं टिपलं तरी दुखणं कुठे आहे ते कळतं. संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांनी ही रीत कापडगिरण्यांत वापरली होती. आपण मात्र मजुराच्या हाताचा वेग मोजत बसतो. रोजंदारीवरच्या बाईचा वेळ फुकट जाण्याचा दोष तिच्या माथी मारणं मला पटत नाही. डंपर कधी निघणार हे तिच्या हातात नसतं.

मोजमाप पुस्तकात, म्हणजे एमबीमध्ये, झालेलं काम चढतं, न झालेलं चढत नाही. म्हणून आज पदवी घेणाऱ्यांनो, पहिल्या नोकरीवर रुजू झालात की एमबीशेजारी एक साधी वही ठेवा. तारीख, पाऊस, हजेरी, किती तास थांबलो, कशामुळे. कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आणि सांगलीचं वालचंद १९४७ पासून कृष्णेच्या खोऱ्याला अभियंते देत आहेत. दोन्हीकडच्या मुलांनी अशा वह्या लिहिल्या आणि वर्षाअखेरीस एकत्र केल्या, तर कोणत्या तालुक्यात कशामुळे काम अडतं हे पहिल्यांदाच आकड्यांत दिसेल. फक्त रकाने दोन्हीकडे सारखे ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी त्यावरच बैठक लागेल.