चोवीस भागांचा ब्रेक

पेडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबवणारा सायकलचा एक ब्रेक असतो. आपल्याकडे तो फारसा दिसत नाही. त्याचे सुटे भाग ठरल्या क्रमाने आणि नेमक्या बाजूने बसवणं धडधाकट माणसालाही पहिल्या फटक्यात जमत नाही. मार्क गोल्ड या अमेरिकी संशोधकाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा १५ भागांचा ब्रेक अपंगांसाठीच्या संरक्षित कार्यशाळांतल्या ६४ जणांपुढे ठेवला होता. सगळ्यांना मध्यम किंवा तीव्र बौद्धिक अक्षमता. पाकिटं भरण्यापलीकडचं काम अशांना कोणी सहसा देत नसे. निम्म्या जणांच्या भागांवर, बसवताना समोर येणाऱ्या बाजूला, लाल रंग दिला होता. ते बरेच लवकर शिकले. पण बिनरंगी भागवालेही शिकलेच, आणि पुढे २४ भागांचा, कुठेही रंग नसलेला ब्रेकही जुळवू लागले. तेव्हा ‘याला जमत नाही’ असा शेरा मारण्याआधी शिकवणाऱ्याने काम पुरेसं बारीक फोडलं होतं का, हे विचारायला हवं.

आपल्या विशेष शाळांच्या कार्यशाळांत पणत्या, उटणं, कागदी पिशव्या होतात. त्यात कमीपणा काही नाही. पण हा माल बराचसा दिवाळीला आणि गिऱ्हाइकाच्या कनवाळूपणावर खपतो. प्लग, स्विच, वायरिंगचे जोड यांच्या जुळणीला असा हंगाम नसतो. यावर आक्षेप येतो, की दिवसभर तोच स्क्रू पिळणं हे कसलं शिक्षण? चाकण-भोसरीच्या पट्ट्यात असंख्य कामगार पाळीभर तेच करतात. त्यांची कीव कोणी करत नाही, कारण महिनाअखेर पगार होतो. खरी खोच या पगारातच आहे. अमेरिकेतल्या १९३८ च्या कायद्याने अपंग कामगारांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देण्याची सवलत मालकांना दिली, आणि कित्येकांचं ‘प्रशिक्षण’ मग संपेचना. स्वस्त हात मिळाल्यावर त्यांना पुढे पाठवायची घाई कोणाला? म्हणून कार्यशाळेत किती टेबलं भरली यापेक्षा तिथून किती जण पूर्ण पगारावर बाहेर पडले, हा आकडा मागितला पाहिजे.

वेग कमी पडेल, हा मालकांचा आक्षेप मात्र खोटा नाही. काहींचा तो कमीच राहील. पण भाग उलटा बसूच नये असा साचा केला, ट्रेला रंग दिले, तर चुका सगळ्यांच्याच घटतात, आणि मोजायचं तर तेही मोजावं. कायदा इथे अर्धीच वाट सोबत करतो. आपल्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात बौद्धिक अक्षमतेला नोकरीत आरक्षण नव्हतं. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्क्यांपैकी १ टक्का स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार यांच्यासह बौद्धिक अक्षमता असलेल्यांना वाटून दिला. खासगी कारखान्यांसाठी ५ टक्क्यांचं उद्दिष्ट आहे खरं, पण त्यामागे सक्ती नाही, नुसतं प्रोत्साहन आहे. तेव्हा कार्यशाळेत ब्रेक जुळवायला शिकलेल्या मुलाला आत घ्यायचं की नाही, हे अजून कारखान्याच्या फाटकावरच ठरतं.