स्वस्ताईचा खरा हिशेब
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



तरुण दांपत्यांस उद्देशून चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाची आम्हांस आज्ञा झाली. मुंबईचे घरभाडे झेपत नाही म्हणून विवाहानंतर दोन-चार वर्षांतच परराज्यात बिऱ्हाड हलवावे, असा विचार आज आपल्या अनेक घरांत चालू आहे. कोणी इंदूरचे नाव घेतो, कोणी बडोद्याचे. या विचारास आमचा मुळीच विरोध नाही. परंतु तो बहुधा घरभाड्याच्या एकाच आकड्यावर केला जातो, आणि त्या हिशेबात पत्नीची नोकरी धरलेलीच नसते. आज एवढीच एक गोष्ट आम्हांस आपणांपुढे मांडावयाची आहे.

उदाहरणासाठी बडोदेच घेऊ. मुंबईपासून रेल्वेने ते सुमारे ३९० किलोमीटर. १ मे १९६० पर्यंत ही दोन्ही शहरे एकाच मुंबई राज्यात होती. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९२१ साली न. चिं. केळकर यांच्या अध्यक्षतेखाली तेथे मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हा मराठी माणसास ते गाव परके नाही.

आता स्वस्ताई पाहू. आयकर केंद्र सरकारचा असल्यामुळे राज्य बदलून तो कमी होत नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करही देशभर एकसारखा आहे. म्हणजे खरी बचत होते ती मुख्यतः घरात व रोजच्या प्रवासात. समजा, पतीची प्राप्ती दरमहा ५०,००० रुपये, पत्नीची ४०,००० आणि मुंबईचे भाडे ३५,००० आहे. परगावी भाडे १५,००० झाले, तर २०,००० वाचले. पण पतीची बदली झाली आणि पत्नीस नोकरी सोडावी लागली, तर ४०,००० गेले. घर स्वस्त झाले आणि संसार २०,००० रुपयांनी महाग झाला! शिवाय दोन-तीन वर्षे घरी बसलेल्या शिकलेल्या मुलीस पुन्हा पूर्वीच्या पायरीवर उभे राहणे किती कठीण जाते, हे या सभेतील भगिनींस आम्ही सांगावयास नको.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, दोघांच्याही उपजीविकेची सोय पक्की झाल्यावाचून सामान बांधू नये. दुसरी, निदान एक वर्ष भाड्याच्या घरात काढावे व मगच घर विकत घ्यावे. घर घ्यावयाचे ठरल्यास गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आहे, आणि दस्त केवळ स्त्रीच्या नावे केल्यास १ टक्का नोंदणी फी माफ होते. जिने आपले गाव सोडले तिच्या नावे घर व्हावे, यात पैशाचा लाभ आहे आणि न्यायही आहे.

कायद्याच्या काही गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग यांच्या याद्या राज्यनिहाय असतात. एका राज्यातील अनुसूचित जाती-जमातीच्या माणसास दुसऱ्या राज्याच्या नोकरीत ती सवलत आपोआप मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली पुन्हा स्पष्ट केले आहे. मुलांची दहावी-बारावी परराज्यात झाली, तर महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्याचे दार सामान्यतः बंद होते. २०२३ च्या कायद्याने गुजरातेतील शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकविणे सक्तीचे आहे. ती भाषा मुलांनी आनंदाने शिकावी, मराठी मात्र घरात आईवडिलांनीच राखावी.

आता दोन शब्द वडीलधाऱ्यांस. मुलगा-सून दूर गेली म्हणजे आपणांस टाकून गेली, असे कृपया मानू नये. दरमहा भाड्यापायी कर्ज काढणारी मुले जवळ असण्यापेक्षा निर्धास्त झोपणारी मुले चार तासांच्या अंतरावर असलेली काय वाईट? पण आपल्या आजारपणात कोण येणार, कोणत्या सणाला कोणी कोठे जावे आणि त्या प्रवासाचा खर्च कोणी करावा, हे निघण्यापूर्वीच मोकळेपणाने बोलून घ्यावे. न बोललेल्या गोष्टींनीच पुढे मने दुरावतात.

शेवटी आपल्या संस्थेसही एक विनंती आहे. परराज्यांत स्थायिक झालेल्या कुटुंबांची, त्यांच्या संमतीने, गावनिहाय यादी करावी. नव्याने गेलेल्या दांपत्यास पहिल्या आठवड्यात घर दाखविणारा, डॉक्टर सुचविणारा आणि विशेषतः सुनेस नोकरीची माहिती देणारा एक माणूस तेथे भेटला, तर आपल्या संघटनेचे सार्थक झाले असे आम्ही समजू.