नर्सिंगचा अर्ज आणि उसाचा हंगाम

(बीड जिल्ह्यातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'मुलींचे उच्च शिक्षण' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा आहे. मी त्यातला नर्सिंगच्या प्रवेशाचा एकच भाग घेते. कारण त्यात माझ्या हातून एक चूक झाली आहे, आणि ती तुमच्या हातून होऊ नये असं मला वाटतं.

तांड्यावरची एक मुलगी. आई परित्यक्ता. दर दिवाळीच्या सुमारास आई भावाच्या टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जायची. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, म्हणून उचलही अर्धी. मुलगी आजीजवळ राहून शिकली आणि कला शाखेतून बारावी झाली. तिला नर्स व्हायचं होतं. तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी वर्गाचं पत्रक घेऊन मायलेकी माझ्याकडे आल्या. 'एका वर्षात नर्सिंग, नोकरीची हमी', फी चाळीस हजार. मी पत्रक वाचलं आणि म्हणाले, "चांगलं आहे, जाऊ दे तिला." एम.एस.डब्ल्यू. झालेली मी. हा वर्ग कुणाच्या मान्यतेचा, हा साधा प्रश्न मी विचारला नाही.

ते चाळीस हजार आईच्या उचलीतून गेले. मुलीने वर्ष काढलं, रंगीत प्रमाणपत्र आणलं. जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ज करायला गेली तेव्हा पहिलाच प्रश्न आला, 'परिषदेची नोंदणी आहे का?' नोंदणी नव्हती आणि होणारही नव्हती. एका खाजगी दवाखान्यात ती 'सिस्टर' म्हणून लागली. रातपाळी, फरशी पुसणं, सलाईन लावणं, सगळं करायची. पगार मात्र रोजंदारीच्या बाईपेक्षा कमी. पुढच्या हंगामात ती आईबरोबर फडात गेली. मायलेकी मिळून एक कोयता झाला. चाळीस हजार असे फिटले.

म्हणून पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नर्सिंगला झटपट रस्ता नाही. जो आहे तो टप्प्याटप्प्याचा आहे, आणि तो आपल्या मुलींच्या सोयीचा आहे. एएनएम दोन वर्षांचं. त्याला कला शाखेची बारावीही चालते. जीएनएम तीन वर्षांचं. एएनएम होऊन नोंदणी झालेल्या मुलीला त्यात जाता येतं. जीएनएम होऊन नोंदणी झाली की पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, दोन वर्षांत पदवी. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या मुलीला सरळ चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग करता येतं. आपल्या राज्यात ही पदवी नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं. याखेरीज सहा महिन्यांचं, वर्षाचं कुणी काही सांगत असेल तर एकच विचारायचं: भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, आणि पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते का? उत्तर कागदावर मागायचं.

आणखी एक. एएनएम आणि जीएनएमला वय १७ ते ३५ चालतं, आणि लग्न झालेल्या बाईलाही प्रवेश घेता येतो. हे नियमात लिहिलेलं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या शंभर बायांपैकी जवळपास चव्वेचाळीस जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. 'लग्न झालं, आता कसलं शिक्षण' असं म्हणणाऱ्या सासरी हा नियम वाचून दाखवा.

आता कागदांचं. या मुलीने एएनएमचा अर्ज करायचा ठरवला. राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि वैधता लागते. विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख धरतात. त्याआधीचा राहण्याचा, जातीचा पुरावा हवा, आणि तो बापाच्या बाजूचा मागतात. ज्या बापाने पंधरा वर्षांत तोंड दाखवलं नाही, त्याचा! आई म्हणाली, "उचल घेताना बाप लागला न्हाई. कागदाला कसा लागतो?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडेही नसेल. पण तो आपण विचारत राहिलं पाहिजे, आणि अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर विचारला पाहिजे.

त्या वर्षी पुरावा मिळाला नाही, मुदत गेली, जागा गेली. घरात स्थळं यायला लागली. मुलगी एकोणीस वर्षांची झाली होती. लग्न झालं की नवराबायकोचा पूर्ण कोयता, पूर्ण उचल, हा हिशोब मामाने मांडला. आईने त्याला एक हंगाम थांबवून धरलं. मी कितीही बोलले असते तरी मामा थांबला नसता. आई थांबवू शकली, कारण टोळीत तिचं काम मामाला माहीत होतं.

त्या मुदतीत आमच्या गटातल्या दोघी आणि मी बापाच्या तांड्यावर गेलो. बापाने उभं केलं नाही. परत निघालो तर मुलीची चुलती मागून आली. म्हणाली, चुलत आजा चौथीपर्यंत शाळेत होता, शाळेत नाव असेल. शाळेच्या जुन्या रजिस्टरात ते निघालं, १९६१ च्या आधीचं. चुलतीनेच घरातून वंशावळीची माहिती सांगितली. मी विचारलं, घरात बोलणी खावी लागतील ना? ती म्हणाली, "तिच्या आईला आम्ही धड नांदू दिलं न्हाई. पोरीचं तरी होऊ द्या." पुढच्या वर्षी मुलीला एएनएमला जागा मिळाली.

यातून मला कळलं ते असं. आपल्या मुलींची जागा बहुतेक वेळा मार्कांवर जात नाही, ती वेळापत्रकावर जाते. आईबाप गावात असतात ते साधारण मे ते दसरा-दिवाळी. प्रवेश परीक्षेचा अर्ज निघतो हिवाळा सरता सरता, तेव्हा ते कारखान्यावर. प्रवेशाच्या फेऱ्या लांबत जातात, तोवर टोळीची गाडी भरलेली. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमिलेअर, वैधता, यातल्या प्रत्येकाला तलाठी, सेतू, सही, साक्षीदार. तेव्हा अकरावीच्या पावसाळ्यातच हे काम सुरू झालं पाहिजे. बारावीच्या निकालानंतर उशीर झालेला असतो.

पैशाचंही विचारून घ्या. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची पूर्ण माफी देण्याचा निर्णय शासनाने जुलै २०२४ मध्ये काढला. पण ती केंद्रीभूत फेरीतून मिळालेल्या जागेला आहे. व्यवस्थापन कोट्यात गेलेल्या मुलीला नाही. एजंट हे सांगत नाही. आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे पैसे भरण्याआधी विचारायचं.

प्रवेश मिळाला म्हणजे संपलं, असंही नाही. प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. हंगामात आई आजारी पडली म्हणून पंधरा दिवस गेली तर ते दिवस भरून द्यावे लागतात. दिवाळीला वसतिगृह रिकामं झालं, आमच्या मुलीच्या घराला कुलूप. आजी तोवर वारली होती. पहिल्या वर्षी ती माझ्याकडे राहिली, दुसऱ्या वर्षी गटातल्या एका विधवा बाईकडे. ही मदत लहान वाटते. पण ती नसती तर मुलगी फडात गेली असती आणि बहुधा परत आली नसती.

एवढी धडपड कशाला, असं कुणी विचारेल. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या कामात आपल्या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीजणींना ऑपरेशनआधी कुणी आपल्या भाषेत समजावून सांगितलं असेल? आमची मुलगी आता नोंदणी झालेली एएनएम आहे, एका उपकेंद्रावर काम करते. तांड्यावरची बाई पोट दुखतंय म्हणून आली की ती आधी विचारते, "मावशी, कुणी काय सांगितलंय काढायला?" तिच्या आईच्या टोळीतल्या दोघी तिच्या सांगण्यावरून जिल्हा रुग्णालयात दाखवून आल्या. दोघींची पिशवी शाबूत आहे. यंदा ती जीएनएमची तयारी करते आहे.

म्हणून प्रत्येक गटाने तीन कामं घ्यावीत, अशी माझी विनंती आहे. गावातल्या अकरावीतल्या मुलींची यादी करा आणि दसऱ्याआधी त्यांच्या कागदांची पिशवी भरून घ्या. नर्सिंगच्या नावाने चालणाऱ्या वर्गांची मान्यता तपासा आणि नसेल तर गावात तसं सांगा. आणि दिवाळीच्या सुटीत एका मुलीपुरती जागा कुणाच्या तरी घरात ठेवा.

त्या चाळीस हजारांबद्दल मी आईची माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, तुम्ही तरी पुन्हा कागद वाचून सांगा." तेव्हापासून मी वाचते. तुम्हीही वाचा.