चोवीस नोंदी, चोवीसही रिकाम्या

सावंगी (मेघे) म्हटलं की वर्ध्याच्या माणसाला आधी आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आठवतं. त्याच गावात आता अभियांत्रिकीही शिकवली जाते, आणि पायथन शिकणाऱ्या मुलामुलींचा एक प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत येत राहतो: "सर, आत प्रिंट केलं का बरोबर दिसते, बाहेर आलं का लिस्ट रिकामी!"

प्रश्न समजण्यासाठी एक जुनं उदाहरण घ्यावं. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची नोंद आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' पूर्ण केली. तिच्या अंकपाश प्रकरणात विचारलं आहे की विष्णूच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ आणि शंख यांची अदलाबदल केली तर मूर्ती किती प्रकारच्या होतील? उत्तर चोवीस. शंकराच्या दहा हातांतल्या दहा आयुधांचं उत्तर ३६,२८,८००. भास्कराचार्यांनी संख्या काढली. विद्यार्थ्याला मात्र त्या चोवीस मांडण्या एकेक करून यादीत गोळा करायच्या असतात.

इथं रिकर्शन येतं, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच बोलावणं. पहिल्या हातात गदा दिली की उरलेल्या तीन आयुधांचं काम तेच फंक्शन पुन्हा हाती घेतं. हातात घेतलेली आयुधं एका छोट्या लिस्टमध्ये जमतात. चार झाली की ती लिस्ट मोठ्या निकालात टाकायची, मग शेवटचं आयुध काढून घ्यायचं आणि दुसरं आजमावायचं. विद्यार्थी हे सगळं नीट लिहितो. निकालात नोंदीही बरोबर चोवीस येतात. चोवीसच्या चोवीस रिकाम्या!

वर्धा जिल्हा कापसाचा, तेव्हा वेचणीचं उदाहरण चालेल. कमरेला बांधलेली ओटी भरली की बाई ती ढिगावर रिकामी करते. समजा, ढिगावर कापूस टाकण्याऐवजी कुणी वहीत नुसतं लिहिलं, "या ओटीत पाहा." ओटी पुन्हा भरली, पुन्हा तेच लिहिलं. वहीत अशा चोवीस नोंदी झाल्या. संध्याकाळी ओटी सोडून झटकली, आणि मग कुणी वही उघडून कापूस शोधायला निघालं, तर सापडेल काय? चोवीस नोंदी एकाच ओटीकडे बोट दाखवतात, आणि ओटी रिकामी आहे.

पायथनमध्ये निकालात लिस्ट टाकणारं अपेंड नेमकं हेच करतं. ते लिस्टची प्रत काढत नाही, तीच लिस्ट टाकतं. आत प्रिंट केलं तेव्हा ओटी भरलेली होती, म्हणून बरोबर दिसलं. नावं दोन असोत की चोवीस, लिस्ट एकच असते. उपाय एवढाच की निकालात टाकण्याच्या क्षणी कॉपी काढून ती टाकावी. त्या क्षणी, नंतर नाही. काही जण सगळं संपल्यावर निकालाची प्रत काढतात. संध्याकाळी वहीची झेरॉक्स काढून कापूस कसा परत येईल?

हाच घोटाळा दुसऱ्या वेशातही येतो. तालुक्यातली गावं गोळा करणारं फंक्शन लिहिताना मुलं कंसातच रिकामी लिस्ट देऊन ठेवतात. देवळीची यादी ठीक येते. लगेच सेलूची मागितली तर तिच्या आधी देवळीची गावं हजर! ती रिकामी लिस्ट फंक्शनची व्याख्या होताना एकदाच तयार होते आणि पुढच्या प्रत्येक हाकेला तीच वापरली जाते. तिथं नन (None), म्हणजे 'काहीच नाही', लिहावं आणि नवी लिस्ट फंक्शनच्या आत करावी. पुन्हा तेच दुखणं: लिस्ट एकच.

बाकीच्या चुका साध्या आहेत. अपेंडचं उत्तर नावाला जोडू नये, ते नन देतं. आतल्या हाकेचं उत्तर रिटर्न करायला विसरू नये. थांबण्याची अट नसेल तर हजाराच्या आसपास खोल गेल्यावर पायथन स्वतःच काम थांबवतं.

आणि कृपा करून, बाळांनो, चूक सापडत नाही म्हणून प्रत्येक ओळीवर कॉपी शिंपडत बसू नका! त्याच गावच्या रुग्णालयात निदान शिकणारा विद्यार्थी रोग्याला दिसेल ते औषध देत नाही. अशानं कधी कधी उत्तर बरोबर येतं, पण चूक कुठं होती हे कळत नाही, आणि पुढच्या असाइनमेंटला तेच पोर पुन्हा रडवेलं होऊन दारात उभं राहतं. हुशार पोरं असतात ही. त्यांना रात्री दोन वाजेपर्यंत स्क्रीनशी झुंजताना पाहिलं की वाईट वाटतं, कारण दहा मिनिटं कागदावर घालवली असती तर झोप मिळाली असती.

म्हणून चारऐवजी तीन आयुधं घ्या. चालवण्याआधी उत्तर लिहून ठेवा: सहा. प्रत्येक हाकेला खोलीप्रमाणे जागा सोडून छोटी लिस्ट प्रिंट करा, आणि शेवटी निकालातल्या प्रत्येक नोंदीचा आयडी, म्हणजे पायथनमधला ओळख क्रमांक, तपासा. सहाही आयडी सारखे निघाले तर ओटी एकच आहे. नुसती संख्या जुळली म्हणून लॅपटॉप बंद करू नका. सहाही नोंदी उघडून पाहा.