ज्ञान सातबाऱ्यापाशीच अडते

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा पाठ)



शेतीच्या अर्थकारणात आपण जमीन, श्रम व भांडवल यांची चर्चा करतो. ज्ञान हेही उत्पादनाचे साधन आहे आणि त्याचीही मालकी असते, याकडे मात्र आपले दुर्लक्ष होते.

1970च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने देशात ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धती सुरू झाली. कृषिखात्याच्या कर्मचाऱ्याने ठरल्या दिवशी निवडक ‘संपर्क शेतकऱ्यां’ना भेटावे व त्यांच्याकडून ज्ञान गावभर झिरपावे, अशी ती योजना. हे संपर्क शेतकरी बहुतांशी पुरुषच असत. नवऱ्याला सांगितले की बायकोला कळले, हे त्यामागील गृहीत! पद्धती इतिहासजमा झाली. गृहीत मात्र शाबूत आहे.

प्रत्यक्षात भाताची लावणी, निंदणी, कापसाची वेचणी, बियाण्याची निवड व साठवण ही कामे प्रामुख्याने स्त्रियाच करतात. पिकावरची कीड आधी दिसते ती निंदणाऱ्या बाईला. कीडनियंत्रणाच्या शिबिराचे निमंत्रण जाते ते सातबाऱ्यावरील नावाला. 2015-16च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीधारकांत स्त्रिया जेमतेम 14 टक्के आहेत. म्हणजे राबणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया सरकारदरबारी शेतकरीच नाहीत.

2007च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने कूळ व शेतमजूर यांनाही ‘शेतकरी’ या व्याख्येत स्थान दिले. कागद पुढे गेला, व्यवहार मागेच राहिला. निव्वळ शिबिरांची संख्या वाढवून हे अंतर मिटणार नाही. मजुरीवर जाणारी बाई तालुक्याच्या शिबिराला गेली तर तिचा रोज बुडतो. शिकलेले अमलात आणण्यास कर्ज लागते आणि कर्जासाठी पुन्हा सातबाराच लागतो.

म्हणून आपल्या मागण्या तीन असाव्यात. प्रशिक्षणार्थींची यादी मालकीवरून नव्हे, तर कामावरून, ग्रामसभेत व्हावी. प्रशिक्षण बांधावर, स्त्रियांच्या सोयीच्या वेळी आणि बुडालेल्या रोजाच्या भरपाईसह मिळावे. आणि सातबाऱ्यावर पतीबरोबर पत्नीचेही नाव लागावे.

शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेशी आपले आर्थिक प्रश्नांवर तीव्र मतभेद आहेत. तथापि तिच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेने पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन थेट शेतकऱ्यांनाच केले, हे मान्य केले पाहिजे. समतेची भाषा बोलणाऱ्या आपण याबाबतीत मागे राहणे शोभणारे नाही. ज्यांच्याकडे जमीन आहे, त्या साथींनी आधी तलाठ्याकडे अर्ज द्यावा आणि मगच ग्रामसभेत बोलण्यास उभे राहावे.