आधी वही, मग पाना

मोहफुलं वेचून झाली, आता तेंदूपत्त्याची लगबग सुरू आहे. पहाटे रानात जायचं, दुपारी घरी बसून पुडे बांधायचे. हातातलं काम थांबवू नका, काम करता करता ऐका. आज आम्ही बोलणार आहोत गाडीबद्दल. जुनी गाडी चालता चालता बंद पडते आणि पुन्हा सुरू होत नाही, तेव्हा काय बघायचं, याबद्दल.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांना याचं काय? तर आमचीच गोष्ट सांगतो.

आमच्या भागातल्या चार गटांनी मिळून मागच्या वर्षी एक जुनी पेट्रोल व्हॅन घेतली. हातसडीचा तांदूळ, मोहफुलांचे लाडू, लोणची असा माल बाजाराला न्यायचा, उरलेल्या दिवशी भाड्यानं द्यायची, असा विचार. पैसे ग्रामसंघातून कर्जानं घेतले. चालवायला आमच्यातलीच एक ताई, परवाना काढलेली.

दोन महिने बरे गेले. मे महिन्यात गाडी पहिल्यांदा रस्त्यात बंद पडली. अर्ध्या तासानं आपोआप सुरू झाली. गॅरेजमध्ये नेली, तर तिथे पहिल्याच सेल्फला चालू! मिस्त्री म्हणाला, बॅटरी जुनी आहे. बॅटरी बदलली, ४,२०० रुपये गेले. पावसाळ्यात पुन्हा तेच. आता पेट्रोल पंप बदलला, कार्बोरेटर साफ केला, २,६०० रुपये गेले. दिवाळीनंतर पुन्हा तेच.

मग डिसेंबरमध्ये चंद्रपूरच्या प्रदर्शनाला गेलो. परतताना चिचपल्ली आणि मूलच्या मध्ये, जंगलाच्या पट्ट्यात, दिवस मावळताना गाडी बंद पडली. आम्ही सात बाया आणि एक लहान लेकरू. तो वाघाचा मुलूख आहे, हे तुम्हाला सांगायला नको. काचा लावून आत बसून राहिलो. पंचवीस मिनिटांनी गाडी सुरू झाली, पण त्या पंचवीस मिनिटांत कोणाच्या तोंडून शब्द निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी गावात बोलणं सुरू झालं, "बायांना गाडी कशाला पाहिजे होती?" बैठकीत आमच्यातल्याच काही जणी म्हणाल्या, विकून टाका, अर्धे पैसे आले तरी चालतील. कर्जाचा हप्ता तर चालूच होता. त्या दिवशी गाडी जवळजवळ विकलीच होती.

तेव्हा हिशोब लिहिणारी आमची एक मैत्रीण म्हणाली, "आपण पैशाची नोंद ठेवतो, हजेरीची ठेवतो. गाडी कितीदा बंद पडली, ते कुठं लिहिलंय?" कुठंच लिहिलं नव्हतं. दर वेळी मिस्त्रीला आम्ही एवढंच सांगायचो, "बंद पडते." एवढ्यावर तो तरी काय ओळखणार?

मग एक वही केली. गाडी बंद पडली की लिहायचं: तारीख, वेळ, घरून निघून किती किलोमीटर झाले, टाकीत पेट्रोल किती, गरमीचा काटा कुठं, सेल्फ फिरतो का, दिवे लख्ख लागतात का, किती मिनिटांनी सुरू झाली. आधीच्या वेळांचंही आठवून लिहिलं. पाच नोंदी झाल्या आणि चित्र दिसायला लागलं. दर वेळी तीस ते चाळीस किलोमीटर झाल्यावर. दर वेळी सेल्फ जोरात फिरतो, दिवे लख्ख. म्हणजे बॅटरीचा दोष नव्हताच. उन्हाळ्यातही बंद पडली आणि डिसेंबरच्या थंडीतही. म्हणजे नुसतं ऊन कारण नाही. आणि गार झाली की सुरू.

ही वही दुसऱ्या एका मिस्त्रीला दाखवली. त्यानं बोनट उघडलंच नाही. म्हणाला, "गाडी माझ्याकडे येईपर्यंत गार होते, मग दोष दिसणार कसा? मीच तुमच्याबरोबर येतो." पस्तीस किलोमीटरवर गाडी बंद पडली. त्यानं जास्तीचा प्लग लावून बघितलं, ठिणगीच येत नव्हती. इग्निशन कॉईल तापली की काम सोडायची, गार झाली की पुन्हा धरायची. नवी कॉईल तिथंच बसवली, ९०० रुपये लागले. त्याला चार महिने झाले, गाडी रस्त्यात थांबलेली नाही.

आधीचा मिस्त्री लबाड होता असं आम्ही म्हणत नाही. त्याच्यासमोर गाडी कधी बंदच पडली नाही. पण ६,८०० रुपये अंदाजावर गेले, ही चूक आमचीही आहे.

आता तुमच्यासाठी. गाडी बंद पडली तर क्रमानं बघायचं.

पहिलं, सेल्फ फिरतो का? नुसता टक टक आवाज येतो आणि दिवे मंद होतात, तर बॅटरी उतरली असेल किंवा तिची टोकं सैल झाली असतील. टोकांवर पांढरी-हिरवी पूड चढली असेल तर करंट नीट जात नाही. सेल्फ एका वेळी पाच-दहा सेकंदच मारायचा, मग थोडं थांबायचं. सारखा मारत राहिलं तर चांगली बॅटरीही उतरते. सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सरसर फिरतोय असं वाटलं तर तिथंच थांबा. इंजिनाचा टायमिंग पट्टा तुटलेला असू शकतो, आणि आणखी फिरवलं तर मोठं नुकसान होतं.

दुसरं, सेल्फ चांगला फिरतो पण गाडी धरत नाही. पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. तिन्हींपैकी एक कमी पडली असणार. आधी टाकी बघा, काट्यावर विसंबू नका, जुना काटा खोटं बोलतो. टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा सूं आवाज आला आणि नंतर गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे. हा बिनपैशाचा तपास आहे. बाटलीतलं पेट्रोल भरलं असेल तर त्यात पाणी किंवा कचरा असू शकतो, फिल्टर तुंबतो. आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्यांची धूळ हवेच्या फिल्टरमध्ये भरते, तोही बघायचा.

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पेट्रोल पुढं जात नाही. गाडी सावलीत उभी करून गार होऊ द्यायची. पण हीच खूण कॉईलचीही असते, म्हणून वही लागते. थंडीतही तसंच होत असेल तर कॉईलवर संशय घ्या.

नंतरच्या पेट्रोल गाड्यांत कार्बोरेटर नसतो. चावी फिरवल्यावर मागून दोन-तीन सेकंद बारीक घूं आवाज येतो, तो टाकीतल्या पंपाचा. नेहमी येणारा तो आवाज आला नाही तर आधी फ्यूज बघायला सांगा, मग पंप.

धान्याजवळ गाडी उभी करत असाल तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का, हेही बघा.

डिझेलच्या जीपला ठिणगी लागत नाही, तिथं कॉईलचा प्रश्न नाही. टाकी पार कोरडी झाली तर नळीत हवा शिरते. मग नुसतं डिझेल ओतून भागत नाही, हवा काढावी लागते. म्हणून डिझेलची टाकी कधी कोरडी होऊ द्यायची नाही.

काही गोष्टी मुळीच करायच्या नाहीत. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर उडतं. ठिणगी बघायचं काम मिस्त्रीचं, वायर हातात धरली तर जबर झटका बसतो. पेट्रोलचा वास येत असेल तर सेल्फही मारू नका, सगळ्यांना खाली उतरवून बाजूला न्या. गाडी रस्त्याच्या कडेला घ्या, चारही दिवे लुकलुकते ठेवा. मागे दगड लावले असतील तर निघताना उचलायचे, मागून येणारा दुचाकीवाला त्यावर पडतो.

जंगलात संध्याकाळी गाडीतच बसा, मदत आणायला एकटीनं पायी निघू नका. ११२ ला फोन करा. वनविभागाचा नंबर १९२६ आहे. गाडीत आजारी माणूस असेल तर १०८, बाळंतपणाची बाई असेल तर १०२. तेव्हा गाडी दुरुस्त करत बसायचं नाही. रेंज नसेल तर येणारी गाडी थांबवून पुढच्या गावातून फोन करायला सांगा.

शेवटची गोष्ट. मिस्त्रीला विचारायला लाजू नका. "हा पार्ट खराब आहे, हे कशावरून ओळखलं?" एवढंच विचारायचं. चांगला मिस्त्री समजावून सांगतो. काढलेला जुना पार्ट परत मागायचा आणि बिलासोबत वहीत नोंदवायचा.

आमची व्हॅन आज आरमोरीच्या बाजारला गेली आहे. हप्ता वेळेवर जातो आहे. वही समोरच्या काचेखाली ठेवलेली असते, सोबत दोरीनं बांधलेला पेन. ज्या गटाकडे गाडी आहे, ऑटो आहे, पिठाची गिरणी किंवा धान काढायचं मशीन आहे, त्यांनी येत्या बैठकीतच अशी एक वही सुरू करावी. बिघडलं की आधी लिहायचं, मग पाना उचलायचा.